शेपटाचा कागद

१

मस्टरमध्ये मीनाच्या नावावर लाल रेघ मारलेली होती.

आधी तिला वाटलं, आपणच चुकीचं पान उघडलं. आईच्या आजारपणासाठी पेठकडच्या गावी जाऊन आलेलं माणूस, प्रवासाचा शीण, डोकं ठिकाणावर कुठून असणार? तिनं वरचं नाव वाचलं, खालचं वाचलं. वर शुभांगी, खाली ड्रॉइंगचे सर, आणि मध्ये तीच. मीना गतीर, शिक्षणसेवक. नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी धरून ओढलेली रेघ. मेलेल्या माणसाचं नावसुद्धा कुणी इतक्या निगुतीनं खोडत नाही.

शाळेच्या कारकुनाला सगळे भाऊसाहेब म्हणतात. काळू भाऊसाहेब शेजारीच टपाल फोडत बसले होते. तिनं विचारलं, तर त्यांनी मानही वर केली नाही.

"तुम्ही राजीनामा दिलाय ना बाई."

पुढचं तिला धड आठवत नाही. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये ती कशी गेली, खुर्चीत कधी बसली, सावळीराम सरांनी पाण्याचा ग्लास कधी पुढे केला, काही नाही. सावळीराम शेवाळे म्हणजे पंचवटीतल्या शिक्षकांमध्ये देवमाणूस. मीनाला ते पहिल्या दिवसापासून 'पोरी' म्हणायचे. आजही म्हणाले, "पोरी, असं टपालानं कशाला पाठवायचं? तोंडानं सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं का तुला?" आणि त्यांनी टाचलेले दोन कागद तिच्यापुढे सरकवले.

पहिला कागद वरपासून खालपर्यंत भरलेला. पतीला वापीला नोकरी लागत असल्यानं कुटुंबासह तिकडे जावं लागणार, शाळेनं दिलेलं प्रेम विसरणार नाही, विद्यार्थ्यांच्या आठवणी, मार्गदर्शनाबद्दल ऋण, तब्येत, संसार, पुन्हा ऋण. दुसऱ्या कागदावर माथ्याला तेवढं 'आपली विश्वासू', त्याखाली निळ्या बॉलपेनची सही आणि छापलेलं नाव. बाकी कागद कोरा.

आता शिक्षणसेवक म्हणजे काय ते ज्याला माहीत नसेल त्याला सांगायला हवं. तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर राबायचं, मग कायम व्हायचं. मीनाची तीन वर्षं येत्या जानेवारीत भरत होती. तिच्या घराण्यात भात आणि नागली लावण्यापलीकडे कुणी काही केलेलं नव्हतं. आई बयाबाई गावात सांगत सुटली होती की माझी लेक सरकारी पगारावर बसणार. नवऱ्याचा अंबडचा कारखाना बंद पडून वर्ष होत आलं होतं. आणि शनिवारी संस्थेची सभा होती. सभेनं राजीनामा मंजूर केला की विषय संपला.

सर म्हणाले, तुझ्यावर माझा अविश्वास नाही, पण सही नीट बघ.

मीनानं बघितली. 'म'चा सुरुवातीचा आकडा, शेवटची लांब शेपटी, खालचे दोन ठिपके. तिला खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

"सही माझीच आहे सर," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

२

सही माझी आणि पत्र माझं नाही, हे सांगणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? त्यात त्या पत्राला शेपूट होतं. ते शेपूट बघून तर सगळ्या स्टाफरूमची खात्रीच पटली.

त्याचं असं झालं. सावळीराम सरांना फॅड होतं कॉम्प्युटरचं. शाळा आधुनिक झाली पाहिजे म्हणून रजेचा अर्ज हातानं लिहायचा नाही, ठरलेल्या नमुन्यात छापूनच द्यायचा. नमुना सरांनी घरी बसून स्वतः जुळवला. प्रति, महोदय, विषय, कारणाच्या चार ओळी, आज्ञाधारकपणाच्या ढीगभर ओळी, आणि अगदी तळाला 'आपली विश्वासू' नि सही. एक पान गच्च. रजा एका दिवसाची असो की बाळंतपणाची, पान भरलंच पाहिजे.

बाकीचे शिक्षक ऑफिसात छापून घ्यायचे, पण शिक्षणसेवकांनी बाहेरूनच छापून आणायचं, म्हणून हा नमुना आणि त्याचा मराठी फॉन्ट सरांनी त्यांना तेवढा फ्लॉपीवर घालून दिला होता. कॉम्प्युटरात तो फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता भुसा उमटायचा. शुभांगीची तशीच फजिती झाली. ती मीनाच्याच बरोबरीची शिक्षणसेवक, रोज एका रिक्षातून येणारी मैत्रीण. घरी कॉम्प्युटर नाही म्हणून ती फ्लॉपी घेऊन सायबर कॅफेत गेली. कॅफेवाला कुणाला फॉन्ट टाकू देईना, घाईत हिनं कागद न बघता घडी घातली, आणि सरांच्या टेबलावर भुशाचं पान गेलं. स्टाफरूम आठवडाभर हसत होती. तेव्हापासून तिला एकटीला हातानं लिहायची सवलत होती.

मीनाची तऱ्हा निराळी. तिच्या घरी तो नमुना एका पानात मावायचाच नाही. प्रिंटर खाली चांगली दोन बोटं जास्तीची जागा कोरी सोडून पान बाहेर टाकायचा, आणि 'आपली विश्वासू', सही, नाव एवढंच दुसऱ्या कागदावर जायचं. भाऊसाहेब त्याला शेपूट म्हणायचे. "आलं मीना टीचरचं शेपूट," म्हणून स्टेपलर काढायचे.

हे पूर्वी होत नव्हतं. कॉम्प्युटर मयूरनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, जुने भाग जमवून घरीच जोडलेला. मध्ये व्हायरस शिरला तेव्हा त्यानं सगळं पुसून नव्यानं टाकलं. प्रिंटरची सीडी सापडेना, म्हणून मित्राकडची आणून ड्रायव्हर बसवला. पडद्यावर काय विचारतंय ते न वाचता नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट दाबत गेला. शेपूट तेव्हापासून. मीनानं कुरकुर केली तर म्हणाला, छापतोय ना? मग झालं.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मयूर भाजी निवडत बसला होता. नोकरी गेल्यापासून स्वयंपाकाचं तोच बघायचा. मीनानं चप्पलही काढली नाही. वापीचं बोलणं कुठं झालं होतं? याच घरात. सोड ती नोकरी, चल वापीला, कोण म्हणालं होतं? मयूर म्हणाला होता, भांडणात, एकदा नाही दोनदा. फॉन्ट कुठं होता? घरात. शेपूट कुठल्या प्रिंटरला? घरच्या.

"एखाद्या कोऱ्या कागदावर माझी सही घेतलीस का रे तू?" तिनं विचारलं.

मयूरनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. तो ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो उठला, खुंटीवरचा स्वेटर घेतला, घोटीला बहिणीकडे जातो म्हणाला आणि गेला.

मीना त्या निवडलेल्या आणि न निवडलेल्या मेथीपाशी बसून राहिली. नोकरी गेली, नवरा गेला, आणि दोन्ही आपल्याच सहीनं, असं तिला वाटत होतं.

३

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मीनानं दुसऱ्या दिवशी काडी नाही, सरळ झाडच धरलं. ती मखमलाबादला संस्थेच्या अध्यक्षांकडे गेली.

पुतळाबाई विधाते म्हणजे गुलाबाच्या मळ्यांची मालकीण. वय झालं तरी सकाळी फुलं तोडणाऱ्या बायकांच्या मागे स्वतः उभ्या राहायच्या. त्यांनी मीनाचं सगळं बोलणं उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. मधे एकदाही 'अरेरे' म्हणाल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, सही तुझी आहे असं तूच सांगतेस, मग मी काय करू? पण खोटं बोलणारीनं सही नाकारली असती, हेही मला कळतं. सभा शनिवारी आहे. तोवर मी एक माणूस देते. पुढं माझा इलाज नाही.

तो माणूस म्हणजे यादवराव खैरनार. मूळचे सटाण्याचे, पोलीस खात्यात खोट्या कागदपत्रांची तपासणी करण्यात जन्म घालवलेले, आता निवृत्त. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्टीलची छोटी पट्टी आणि भिंग असायचं. कॉम्प्युटरचा त्यांना मनापासून तिटकारा. त्यांचं म्हणणं, हातानं लिहिणारा चोर निदान थरथरतो तरी.

शाळेत आल्यावर त्यांनी मीनाला ना धीर दिला ना खुर्ची. राजीनाम्याचे कागद घेऊन खिडकीशी गेले आणि एकेक उजेडात धरला. मग टाचणीच्या कोपऱ्यावर भिंग लावलं. पहिल्या कागदाला स्टेपलरची दोन भोकं होती. दुसऱ्याला चार.

मीना म्हणाली, भाऊसाहेबांचा स्टेपलर धड चालत नाही, दोनदा मारावा लागतो. यादवरावांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग त्यांनी दोन्ही कागद परत वाचले, चवीनं, सावकाश. मीनाचा जीव टांगणीला लागला होता आणि हा गृहस्थ पेपर वाचत बसावा तसा बसला होता. शेवटी तिनंच विचारलं की काही दिसतंय का.

"सही तर खरी शे," ते स्वतःशीच म्हणाले. विचारात पडले की त्यांच्या तोंडून सटाण्याची अहिराणी निसटायची. मग तिच्याकडे वळून नीट बोलले. "बाई, मी आयुष्यात खूप राजीनामे पाहिले. सोडून जाणारा माणूस घाईत असतो. दोन ओळी खरडतो नि सुटतो. तुमच्या या पत्रात कामाची ओळ एकच आहे. बाकीचं पान कुणी आणि कशासाठी भरलं?"

४

पहिले भाऊसाहेब. त्यांनी रजेच्या अर्जांची फाईल आणून आपटली, जणू काही त्यांच्या शेतातलं पाणी कुणी वळवलंय. यादवराव एकेक अर्ज उलटत गेले. मीनाचा गेल्या वर्षभरातला प्रत्येक अर्ज दोन कागदांचा, मागे शेपूट. फक्त शेवटचा, आईच्या आजारपणाचा, एकाच कागदाचा. कोपऱ्यात स्टेपलरची भोकं होती, पण मागे कागद नव्हता.

याचं शेपूट कुठंय, असं विचारल्यावर भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. गळालं असेल म्हणाले. मग म्हणाले, मी बघितलंच नाही. मग म्हणाले, कोरे कागद इथं कुणीही रफ कामाला उचलतं, मी काय प्रत्येक कागदाच्या मागे धावू? ऑफिसच्या कॉम्प्युटरात तो फॉन्ट आहे का, तर आहे. चावी कुणाकडे, तर त्यांच्याकडे. हे सांगताना त्यांनी दोनदा घाम पुसला, आणि बाहेर डिसेंबरची थंडी होती. मीनाला वाटलं, सापडला. पण यादवरावांनी ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेलं एक पत्रक मागून घेतलं. तो जुना, फितीवर टाचण्या मारून करकर छापणारा. त्याचं अक्षर म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. राजीनाम्याचं अक्षर सलग, गुळगुळीत होतं.

मग शुभांगी. ती दोन दिवस मीनाची नजर चुकवत होती, वेगळ्या रिक्षानं येत होती. स्टाफरूममध्ये पाण्याच्या माठाजवळ ती उभी राहिली, आणि यादवरावांनी तोंड उघडायच्या आत रडायला लागली.

ती म्हणाली ते ऐकवत नव्हतं, पण खरं होतं. पुढच्या वर्षी एक तुकडी कमी होईल अशी बोलवा होती. एक शिक्षणसेवक जाणार, बहुतेक तीच. मीनाचा राजीनामा आला तेव्हा तिला आधी हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच तिला लाज वाटत होती, म्हणून ती मीनाला टाळत होती. आणि वापीचं तिनंच फोडलं होतं. रिक्षात मीनानं मन मोकळं केलं होतं, ते हिनं याच माठापाशी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. कोण कोण होतं? भाऊसाहेब होते, ड्रॉइंगचे सर होते, सावळीराम सर बाटली भरून घेत होते.

"मनात आलं ग माझ्या," शुभांगी म्हणाली, "पण हातानं काही केलं नाही. देवाशप्पथ."

मीनाला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या डोक्यात एकच विचार घुमत होता, की वापीचं एकट्या मयूरला नाही, सगळ्या शाळेला माहीत होतं, आणि ते तोंड उघडलं होतं ते तिनं स्वतः.

यादवराव मात्र माठाच्या वरची भिंत बघत होते. तिथं स्नेहसंमेलनाची सूचना चिकटवलेली होती, सरांनी नेहमीप्रमाणे घरून छापून आणलेली. कुणीतरी पाणी पिताना तिच्यावर शिंतोडे उडवले होते, आणि अक्षरांभोवती गुलाबी नि निळे डाग फुटले होते. त्यांनी सूचना अलगद काढून खिशात घातली. सूचना कशाला लागते, हे विचारायचं त्राण मीनात नव्हतं.

सरांशी बोलणं शेवटी झालं. सरांनी चहा मागवला. म्हणाले, पोरीचं वाईट वाटतं, पण तिच्याच प्रिंटरचं शेपूट आहे हे शेंबडं पोरही सांगेल. वाटल्यास मी दुसऱ्या शाळेसाठी शिफारस देतो, तिनं मानानं जावं. मीनाला क्षणभर वाटलं, घ्यावी ती शिफारस आणि संपवावं. ती दमली होती. घरी जाऊन कुणाला सांगायचं, घरी तरी कोण होतं?

बाहेर आल्यावर यादवरावांनी राजीनाम्याची एक झेरॉक्स तिच्या हातात दिली. हे सगळं पत्र तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर, त्याच नमुन्यात, शब्दन्‌शब्द टाइप करा नि छापा, ते म्हणाले.

"मीच माझा राजीनामा टाइप करू?" मीनानं विचारलं.

"तुम्हीच. बघू तुमचं मशीन काय बोलतं ते."

५

दुपारी ती कॉम्प्युटरपुढे बसली. लोडशेडिंगला थोडाच वेळ राहिला होता.

न केलेला गुन्हा स्वतःच्या हातानं लिहून काढायचा, यापरतं दुसरं दुःख नसेल. 'विद्यार्थ्यांचे निरागस चेहरे सदैव स्मरणात राहतील' हे टाइप करताना तिला तिसरी ब मधली पोरं दिसायला लागली, नाक ओढत पाढे म्हणणारी. 'मी स्वखुशीने' इथं बोटं अडलीच. ती उठली, पाणी प्यायली, परत बसली. मयूर असता तर म्हणाला असता, सरक, मी करतो. तिनं दात आवळून पत्र पुरं केलं.

प्रिंट दिलं. प्रिंटर कण्हला, कागद ओढला. पहिलं पान अर्धं बाहेर आलं आणि पंखा मंदावला, दिवा लुकलुकला. नको रे बाबा, ती म्हणाली, एवढं होऊ दे. दिवा सावरला. पहिलं पान पडलं. दुसरं आलं. आणि वीज गेली.

तिनं दोन्ही कागद खिडकीशी नेले. पहिल्या पानाखाली नेहमीसारखी दोन बोटं जास्तीची जागा कोरी होती. दुसरं पान पाहिलं आणि तिला वाटलं, आपण टाइप करताना काही जास्त घातलं. माथ्याला 'आपली विश्वासू' नव्हतंच. तिथं राजीनाम्याच्या शेवटच्या तीन ओळी होत्या, 'आपल्या मार्गदर्शनाचे ऋण' वगैरे. 'आपली विश्वासू' त्यांच्याखाली आलं होतं.

तिनं झेरॉक्स शेजारी ठेवली. शब्द तेच, ओळी तेवढ्याच. टपालातून आलेल्या पत्रात त्या तीन ओळी पहिल्याच पानावर होत्या, पार तळापर्यंत. तिच्या घरचा प्रिंटर तितका खाली जातच नव्हता, गेलं वर्षभर गेला नव्हता. म्हणूनच तर शेपूट होतं.

हे पत्र या घरातून निघालेलंच नव्हतं.

मीना जमिनीवर बसली. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण तिला आधी आठवली ती मेथीची जुडी खाली ठेवणारा मयूरचा हात, आणि ती तोंडात पदर कोंबून रडली.

६

शनिवारी सभेच्या खोलीत पुतळाबाई, संस्थेचे दोन सदस्य, सावळीराम सर, इतिवृत्त लिहायला भाऊसाहेब, आणि कोपऱ्यात मीना. यादवराव उभे राहिले. त्यांनी टेबलावर कागद मांडले.

ते म्हणाले, या पत्राला शेपूट आहे म्हणून तुम्ही सगळे ते बाईंचं समजलात. मीही आधी समजलो. पण बाईंच्या अर्जांना शेपूट का येतं? काल मी त्यांच्या घरी जाऊन प्रिंटरची सेटिंग उघडून घेतली. त्यांच्या यजमानांनी ड्रायव्हर बसवताना मापाकडे बघितलं नाही. प्रिंटर समजतोय की आपल्या पोटात अमेरिकेतला आखूड कागद आहे, आणि आपण घालतो लांब ए-फोर. त्यांच्याकडे टायपिंगचा मोठा प्रोग्रॅम नाही, विंडोजबरोबर फुकट मिळणारा साधा आहे, तो कागदाचं माप प्रिंटरच्या ड्रायव्हरलाच विचारतो. म्हणून प्रत्येक पान तीन ओळी आधी संपतं. फाईलमधला त्यांचा वर्षभरातला प्रत्येक अर्ज पट्टीनं मोजा. तळाची जागा सगळीकडे सारखी. फक्त या राजीनाम्यात पान तळापर्यंत भरलंय. पूर्ण ए-फोरवर.

मग त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे ओढला, बोट बुडवलं, आणि राजीनाम्याच्या दुसऱ्या कागदावर, बाईंच्या छापील नावावर टेकवलं. अक्षराला करडी छटा आली, बस. तेच ओलं बोट पहिल्या कागदावर टेकवलं. काळ्या अक्षराच्या कडेनं गुलाबी आणि निळा रंग पाझरला.

"एकाच पत्राचे दोन कागद, दोन प्रिंटरचे," ते म्हणाले. "पहिला कागद छापणाऱ्याकडे काळी शाई नव्हती. रंगीत शाया एकत्र करून प्रिंटरनं काळा रंग बनवलाय."

पुढचं सोपं होतं. बाईंच्या शेवटच्या अर्जाचं शेपूट गायब आहे, आणि राजीनाम्याच्या दुसऱ्या कागदाला स्टेपलरची चार भोकं आहेत. दोन अर्जाची, दोन राजीनाम्याची. सही खरीच, ती बाईंनी रजेसाठी केलेली. चोराला अडचण एकच होती. सहीचा कागद दुसरं पान म्हणून लावायचा तर पहिलं पान गच्च भरायला हवं, नाहीतर अर्धं पान कोरं सोडून सही मागे का गेली, हे कुणीही विचारलं असतं. म्हणून त्यानं ऋणं आणि आठवणी भरल्या. पण भरल्या त्या आपल्या कागदाच्या तळापर्यंत. बाईंचं पान आधी संपतं, हे त्याला माहीत नव्हतं. शेपूट का येतं, याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता.

"आता फॉन्ट," यादवराव म्हणाले. "तो तीनच ठिकाणी आहे. बाईंचं घर सुटलं. ऑफिसचा प्रिंटर ठिपक्यांचा, भाऊसाहेब सुटले. शुभांगीबाईंकडे कॉम्प्युटर नाही, आणि कॅफेत छापलं तर भुसा येतो हे सगळ्या शाळेनं बघितलंय. राहिलं ते घर, जिथं हा नमुना जन्मला."

त्यांनी खिशातून स्नेहसंमेलनाची सूचना काढून टेबलावर ठेवली. गुलाबी, निळे डाग सगळ्यांना दिसत होते.

सावळीराम सर एकदा म्हणाले की रंगीत प्रिंटर गावात शेकड्यानं आहेत. भाऊसाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि हळूच सांगितलं की तो अर्ज सरांच्या केबिनमधून परत आला तेव्हाच एका कागदाचा होता. साहेबांपुढं बोलायची माझी छाती झाली नाही, म्हणाले. मग मात्र सरांचे खांदे पडले.

त्यांची मुलगी तृप्ती डी.एड. होऊन घरी बसली होती. कुठं जागा निघेना, म्हणून स्थळंही माघारी फिरत होती. तृप्तीला यातलं काही माहीत नव्हतं, हे त्यांनी तीनतीनदा सांगितलं. मीना आज ना उद्या वापीला जाणारच, मग जरा आधी गेली तर काय बिघडलं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

"माझ्या पोरीसाठी केलं हो," ते म्हणाले.

पुतळाबाईंनी राजीनाम्याचे कागद आपल्याकडे ओढले.

"आणि हिला इतकी वर्षं काय म्हणून हाक मारत होतात, सर?"

भाऊसाहेबांनी मस्टर मागवून घेतलं आणि लाल रेघेखाली, सगळ्यांसमोर, तिचं नाव नव्यानं लिहिलं.

७

शुभांगी फाटकाशी उभी होती. पेढे आणू या म्हणाली. 'नंतर' एवढंच म्हणून मीना तशीच सीबीएसच्या एसटी स्टँडवर जाऊन घोटीच्या गाडीत बसली. पर्समध्ये यादवरावांनी दिलेले कागद होते, ओले होऊन वाळलेले. वाटेत ती मनातल्या मनात सगळं जुळवत होती. ड्रायव्हर, आखूड कागद, तीन ओळी. मयूरला यातलं तिच्यापेक्षा जास्त कळतं, लगेच ध्यानात येईल त्याच्या.

नणंदेच्या ओट्यावर मयूर भाताचं पोतं शिवत बसला होता. दाढी वाढलेली. ती शेजारी बसली आणि तिनं एका दमात सगळं सांगितलं. कागद उलगडून दाखवले. त्यानं राजीनाम्याचं आणि घरी छापलेलं, अशी दोन्ही पहिली पानं एकावर एक ठेवून उजेडात धरली, तळाची जागा बोटानं मोजली.

"माप बघायला हवं होतं मी," तो म्हणाला. "नेक्स्ट दाबत गेलो. आलो की ए-फोर करून देतो, एका सेकंदाचं काम आहे."

मीनाला रडू आलं. म्हणाली, तसंच राहिलं म्हणून बरं झालं. त्या तीन ओळींनी वाचवलं आपल्याला. त्या खाली उतरल्या तेव्हाच मला कळलं की तू नव्हतास.

मयूरनं कागदांची घडी घातली आणि तिच्या हातात परत दिली.

"आणि नसत्या उतरल्या तर?" त्यानं विचारलं.

आतून नणंदेनं चहाला हाक मारली. मयूर परत पोत्याला दाभण घालू लागला. मीना उठली नाही. तिनं पोत्याची दुसरी कड धरली आणि तो शिवत गेला तसतशी ती सारखी करून देत राहिली.